‘कशावरून?’ची सवय

आठवीची मुलं इतिहास-भूगोलाच्या उत्तरात गाईडमधली वाक्यं जशीच्या तशी उतरवतात. पुराव्यानिशी लिहायला शिकवायचं तर सुरुवात कुठून करू? – शिक्षिका, भांडुप

गाईडमध्ये ज्याचं उत्तर नाही, असं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवा. मी फळ्यावर दोन आकडे लिहितो. २६ जुलै २००५चा पाऊस, चोवीस तासांची नोंद : सांताक्रूझ ९४४ मिमी, कुलाबा ७३ मिमी. खाली विधान : ‘त्या दिवशी सगळ्या मुंबईत सारखाच पाऊस झाला.’ पटतं का? कशावरून?

बहुतेक वह्यांत येतं, ‘नाही, कारण सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला.’ आकडा खरा, पण पुरावा अर्धाच. कुलाबा लिहिल्याशिवाय फरक दिसणार कसा? हे मुलांच्याच तोंडून येईपर्यंत थांबा. दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

मग दुसरं विधान द्या : ‘उपनगरं फक्त पावसामुळे बुडाली.’ आता हे दोन आकडे पुरत नाहीत. भरतीची वेळ पाहावी लागते, भराव टाकून अरुंद झालेलं मिठी नदीचं पात्र पाहावं लागतं. आपल्या हातातला पुरावा कुठवर पोचतो, हे मुलांना इथे कळतं. माझ्या मते या पाठातलं सगळ्यात मोलाचं हेच.

प्रयोगाचा निष्कर्ष मुलं पाठ करून लिहितात. – विज्ञान शिक्षक, कुर्ला

‘लिंबात आम्ल असते म्हणून लिटमस तांबडा झाला.’ असंच ना? हे ‘शास्त्रीय कारणे लिहा’चं उत्तर झालं. निष्कर्षाची वाट उलटी असते. आधी बशीत दिसलं ते : लिंबाच्या रसात निळा लिटमस तांबडा झाला, शेजारच्या पाण्यात निळाच राहिला. त्यावरून रस आम्लधर्मी. पाण्याची बशी वगळू नका. तांबडा रंग नुसत्या ओलाव्याने आला नाही, हे तीच सांगते.

यात गणिताचा काय संबंध? – शिक्षक, दादर

पक्ष, साध्य, सिद्धता आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण! ही शिस्त मुलांना तुमच्याकडेच मिळते. मराठीच्या बाईंना तुमच्या तासाला बोलवा. ‘स्वमत’ लिहिताना तोच कंस कवितेच्या ओळीसाठी कसा वापरायचा, ते दोघांनी मिळून दाखवा.

वर्गात पंचावन्न मुलं. एवढं तपासायचं कधी? – शिक्षिका, गोवंडी

सगळं तपासूच नका. मुलांना वह्यांची अदलाबदल करू द्या. विधानाखाली पेनाने रेघ, पुराव्याखाली पेन्सिलीने. तुम्ही फक्त त्या दोहोंना जोडणारं ‘त्यावरून…’चं वाक्य वाचा. नसेल तर समासात एकच शब्द लिहा : ‘कशावरून?’ त्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. लाल शाईने भरलेली वही पाहिली की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं.