चार्टवरच्या खोलीवर किती भरवसा ठेवायचा, हे स्क्रीनवर कसं दाखवावं?

तुमचा प्रश्न असा की जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, दाखवलेली पाण्याची खोली किती भरवशाची आहे, ते हिरवा-पिवळा-लाल रंग भरून दाखवलं तर चालेल का. मी मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर, सध्या सुट्टीवर नेरुळला घरी. पॅसेज प्लॅन, म्हणजे जहाजाचा मार्ग आधी आखणं, माझंच काम, म्हणून सरळ सांगतो: रंग नको.

एक्डिसवर, म्हणजे ब्रिजवर हा चार्ट दाखवणाऱ्या यंत्रणेवर, रंगांची कामं आधीच वाटून झालीत. निळ्याच्या छटा खोलीसाठी, लाल-हिरवा बोयांसाठी. त्यावर तुमचा थर चढला की उथळ पाण्याचा निळा भलताच दिसणार. रात्रीच्या वॉचला तर स्क्रीन इतका मंद असतो की छटा ओळखूच येत नाहीत.

सध्या त्यासाठी कॅटझॉक आहे, म्हणजे सर्वेक्षण किती भरवशाचं त्यावरून चार्टच्या प्रत्येक भागाला दिलेली प्रत. ए१ ला सहा चांदण्या, मग उतरत उतरत डी ला दोन, आणि प्रतच ठरवली नसेल तर नुसता यू. हॉटेलांसारखं! पण गोची अशी की सर्वेक्षण उत्तम तिथे चांदण्यांची गर्दी, आणि जिथे जपून जायचं तिथे दोनच. चार्ट इतका भरून जातो की प्लॅन तपासला की मी तो लेयर बंद करतो. वॉचवर तो चालू ठेवलेला मी तरी कुणाला पाहिलं नाही.

बरं, चांदण्यांवरून मीटर कळत नाहीत. समजा चार्टवर १० मीटर लिहिलंय. ए१ मध्ये चूक ०.६ मीटरपर्यंत धरायची, बी मध्ये १.२, सी मध्ये २.५. ड्राफ्ट, म्हणजे जहाजाचा पाण्याखालचा भाग, ८ मीटर असेल तर भरती न धरता तळाखाली २ मीटर पाणी दिसतं, आणि सी मध्ये ते सगळंच चुकीत जाऊ शकतं. शिवाय सी मध्ये आकड्याची जागाही ५०० मीटर इकडेतिकडे असू शकते. उलट २०० मीटर खोलीवर सी म्हणजे १२ मीटरची चूक. तिथे मला काय फरक पडतो?

म्हणून मी असं करीन: पातळ रेघांची जाळी, खालचे आकडे वाचता येतील इतकी विरळ. भरवसा कमी होईल तशी ती दाट करायची, चांगल्या भागावर काहीच नको. आणि जहाजाचा ड्राफ्ट घेऊन, चूक वजा केल्यावर पाणी अपुरं पडेल तिथेच ती उमटू द्या.

सर्वेक्षणाची तारीखही जाळीजवळच दिसू द्या. डेटात ती भरायची सोय आहे, पण बघायला त्या जागी क्लिक करून पिक रिपोर्ट, म्हणजे तिथल्या माहितीची खिडकी, उघडावा लागतो. आमच्या ओळखीचे एक काका दिवाळे कोळीवाड्यातले, खाडीत बांबू टाकून पाणी बघणारे. त्यांना मी मोबाईलवर खाडीचा चार्ट दाखवला होता. आकड्यांकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. म्हणाले, "पावसाच्या आधीचं का नंतरचं?"