याचिका टाकण्याआधी

"ताई, गोदावरीत सांडपाणी सोडतात, त्यासाठी थेट हायकोर्टातच जाते," असं तू म्हणालीस. जा, हायकोर्टात दाद मागायला संविधानाचं कलम २२६ त्यासाठीच आहे. पण आधी संबंधित कार्यालयात लेखी निवेदन दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे: शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सगळं वाचता येईल असं. माझी पहिली फाइल नाशिकच्या सीबीएससमोरच्या (मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या) चहाच्या टपरीवर वकिलांनी पाच मिनिटांत परत केली. तीन वर्षं मी नुसती तोंडी तक्रार करत होते, कागद एकही नव्हता. फार रडू आलं होतं.

धोरण ठरवणं सरकारचं काम, असं न्यायाधीश सांगतातच. मात्र हक्क मोडला किंवा कायदा पाळला नाही, तर ते हात घालतात. शाळेतल्या जेवणाची योजना १९९५ पासून होती, पण बऱ्याच राज्यांत कोरडं धान्यच मिळायचं. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं अन्न द्या म्हटलं आणि पुढे अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला आयुक्तही नेमले. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा, त्यावरचा कायदा आला २०१३ मध्ये. तेवढा धीर ठेव.

न्यायाधीश धोरण ठरवत नाहीत, म्हणून "नदी स्वच्छ करा" अशी मोघम मागणी लिहू नकोस. अमुक नाल्याचं सांडपाणी प्रक्रियेशिवाय सोडू नये, दर महिन्याला पाणी तपासून अहवाल द्यावा, असं लिही. रविवारी सकाळी रामकुंडापासून खाली चालत जाऊ. वही आण, प्रत्येक नाल्याची जागा आणि वेळ टिपू.