कर्ज फिटेपर्यंत फ्रिज, सोफा अशा मोठ्या खरेदीचा मोह कसा आवरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : लातुरात नोकरी, चार लाखांचे वैयक्तिक कर्ज, व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षे आणि त्यांतले एक वर्ष नुकतेच संपलेले. दिवाळीचा बोनस आणि थोडी शिल्लक मिळून ३६,००० रुपये हाताशी आहेत. घरातल्या बारा वर्षांच्या फ्रिजचे दार नीट बसत नाही, आई आणि पत्नी दोन दारांच्या नव्या फ्रिजसाठी आग्रही आहेत, आणि दुकानदार म्हणतो की जीएसटी उतरला आहे, बिनव्याजी हप्तेही आहेत, मग थांबता कशाला?

मी परभणीत माध्यमिक शाळेत शिकवते आणि गावाकडची पाच एकर शेती यजमान पाहतात. या बाबतीतला माझा पहिला अनुभव फसल्याचाच आहे, म्हणून तो आधी सांगते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही माझ्या पगारावर बँकेचे कर्ज काढले. शेतात घेतलेले दोन्ही बोअर कोरडे गेले होते आणि त्यातच सासऱ्यांच्या खुब्याचे ऑपरेशन निघाले. बँकेचे पैसे पुरले नाहीत, तेव्हा नणंदेच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, ८०,००० रुपये हातउसने दिले. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्या दिवसांत मराठवाड्यात ज्याच्या घरी पोतेभर सोयाबीन शिल्लक नव्हते, तोसुद्धा शेतातल्या उभ्या पिकाला दहा हजारांनी गुणत होता. आम्हीही गुणले, आणि पोळ्याच्या आठवड्यात २४,००० रुपयांचा सोफा बारा हप्त्यांवर घरी आणला. सप्टेंबरच्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाडा झोडपला, उभ्या पिकात पाणी साचले आणि शेंगा काळ्या पडल्या. माल मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, नेला तेव्हा अडत्याने मूठभर दाणे हातात घेतले, त्यातला एक दाताखाली चावून पाहिला आणि काही न बोलता पुढच्या पोत्याकडे वळला. भाव तोवर जवळजवळ निम्म्यावर आला होता, आणि भिजलेल्या मालाला तोही मिळाला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी दाजी सोने द्यायला आले. सोफ्यावरचे प्लास्टिक अजून निघालेले नव्हते. ते त्यावर बसले, कडेच्या प्लास्टिकवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, ‘भारी दिसायलाय. कितीला पडला?’ यजमान पाणी आणतो म्हणून आत गेले ते लवकर बाहेर आलेच नाहीत, आणि मी आपट्याची पाने हातात धरून उभी राहिले. दाजींनी पैशांचा विषय काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आमची चूक सोफा घेण्याच्या दिवशी झालीच नव्हती. जे पैसे अजून हातात आले नव्हते, ते मनात खर्च करायला आम्ही दीड महिना आधीच सुरुवात केली होती. दुकानात फक्त सही केली. मोह ऐन वेळी आवरता येतो यावर माझा विश्वास राहिलेला नाही. आपल्याकडे पैसे येण्याचे दिवस ठरलेले असतात, दिवाळीचा बोनस, सोयाबीन-कापसाची पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे), महागाई भत्त्याचा फरक, भिशीची पाळी. आणि दुकानांच्या जाहिरातीही नेमक्या त्याच दिवसांत येतात. म्हणून आम्ही नंतर एवढेच केले की पैसे येण्याआधीच ते कुठे जाणार हे घरात सर्वांसमोर ठरवायचे आणि आले की त्याच दिवशी भरून टाकायचे. यजमान मोंढ्यावरून पट्टी घेऊन थेट बँकेत जाऊ लागले. घरी आलेली रक्कम दोन रात्री कपाटात राहिली की तिला पाय फुटतात, हे आम्ही पाहिले होते.

आता तुमच्या ३६,००० रुपयांचा हिशोब. चार लाख, १४ टक्के, पाच वर्षे, म्हणजे तुमचा हप्ता ९,३०० रुपयांच्या आसपास असणार. पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे ४,६६७ रुपये, म्हणजे अर्ध्याहून किंचित अधिक, नुसत्या व्याजात गेले असणार. वर्षभर हप्ते भरूनही मुद्दल जवळपास ३,४०,००० उरलेले आहे. आज ३६,००० रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सहा हप्ते पूर्ण आणि सातव्याचा निम्मा भाग भरावा लागणार नाही. हे साधारण ६०,००० रुपये होतात. भरले छत्तीस, वाचले साठ. मी हा हिशोब पहिल्यांदा एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मांडला तेव्हा माझा त्यावर विश्वास बसेना. शाळेतल्या गणिताच्या सरांकडून तो पुन्हा करून घेतला. फ्रिजची खरी किंमत तुमच्यासाठी आज ३६,००० नाही, साठ हजार आहे, आणि आईंना व पत्नीला हाच आकडा सांगा. ‘परवडत नाही’ या उत्तराने माणसे दुखावतात. आकडा समोर ठेवला की त्या स्वतःच वाद घालतात, आणि तो वाद चांगला असतो. जाता जाता, मोह फक्त घरातल्या बायकांना होतो असा सूर तुमच्या प्रश्नात किंचित आहे. आमच्या घरी सोफा पसंत करणारे यजमान होते आणि रंग ठरवणारे सासरे.

जीएसटीबद्दल दुकानदार अर्धेच बोलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि डिशवॉशर यांच्यावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरे. पण फ्रिज आणि वॉशिंग मशीन जुलै २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. त्या कपातीमुळे फ्रिज स्वस्त होण्याचे काही कारण नाही. आणि जिथे कपात झाली तिथेही दहा टक्के उतरत नाहीत : २५,००० च्या मूळ किमतीवर कर धरून ३२,००० ला पडणारा एसी २९,५०० ला पडतो, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास फरक.

बिनव्याजी हप्त्यांचेही तसेच. माझ्या सोफ्याची किंमत हप्त्यांवर २४,००० होती, पण रोख घेतला असता तर तोच २२,३०० ला मिळत होता, आणि प्रक्रिया शुल्क करासह ५९० रुपये वेगळे लागले. म्हणजे २२,३०० च्या वस्तूला मी वर्षभरात २४,५९० मोजले. रक्कम लहान दिसते, पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना हे जास्तीचे पैसे दिले गेले, त्यामुळे व्याजाचा दर वर्षाला १९ टक्क्यांच्या आसपास पडतो. माझ्या बँकेच्या कर्जापेक्षा महाग. शून्य टक्के व्याज असे काही प्रत्यक्षात नसते, ते शुल्कात किंवा किमतीत लपवले जाते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. दुकानात फक्त एक प्रश्न विचारा : ‘रोख दिले तर कितीला?’ त्या आकड्यातला आणि हप्त्यांच्या बेरजेतला फरक म्हणजे व्याज.

नवा फ्रिज वीज वाचवतो हा युक्तिवादही तुमच्या कानी येईल. वर्षाला २०० युनिट वाचले असे धरा आणि युनिटला दहा रुपये धरा, तरी दोन हजार रुपये होतात; ३६,००० वर १४ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ५,०४० होते.

तरीही फ्रिजचे दार बसत नाही हे खरेच आहे, त्यामुळे आज रात्री एक करून पाहा. दाराच्या कडेत कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ती ओढा. चारही बाजूंनी असे करा. पट्टी जिथे अलगद निघते तिथले रबर सैल झाले आहे. ते आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, कारण पुष्कळदा नुसता चिकट मळ असतो. तेवढ्याने भागले नाही तर मेकॅनिककडून रबर बदलून घ्या, ते नव्या फ्रिजच्या तुलनेत अगदीच किरकोळ काम आहे. कॉम्प्रेसरच गेला असेल तर गोष्ट वेगळी. बारा वर्षांच्या फ्रिजला नवा कॉम्प्रेसर टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. तशा वेळी एका दाराचा साधा फ्रिज रोखीने घ्या आणि उरलेले पैसे कर्जात भरा. घरात कुणाला इन्सुलिन असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवून लगेच घ्या.

सगळीच खरेदी टाळावी असे माझे म्हणणे नाही. कर्ज चालू असतानाच आम्ही छतावर हजार लिटरची टाकी बसवली आणि त्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते तुमच्याच शहरात. टाकी ही आपल्याकडे चैन नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

बाकीच्या वस्तूंसाठी आम्ही एक गमतीदार पण उपयोगी ठरलेली पद्धत ठेवली. जी वस्तू हवीशी वाटली ती त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची आणि हंगाम उलटल्यावर पुन्हा विचारायचे. कपडे वाळेनात तेव्हा श्रावणात वॉशिंग मशीन लिहिले गेले. कार्तिकात कुणाला आठवलेही नाही. एप्रिल-मे मध्ये परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा एसी ही जीवनावश्यक वस्तू वाटते. आम्ही जुन्या कूलरला नवे गवत आणि नवी मोटर बसवली, आणि थंडीत विचारले तेव्हा यजमान हसले. मिक्सर मात्र तिन्ही हंगामांत लिहिलेला राहिला, म्हणून तो घेतला. हंगामाबाहेर घेतले तर वस्तू स्वस्तही मिळते, विशेषतः कूलर.

कर्ज फेडण्याच्या क्रमाबाबत जाणकार सांगतात की सर्वांत जास्त व्याजाचे आधी फेडावे, आणि हिशोबाने ते बरोबर आहे. पतसंस्थेचे किंवा वस्तूवरचे कर्ज असेल तर दर ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजलेला, आहे का ते आवर्जून विचारा. तीन वर्षांसाठी फ्लॅट दहा टक्के म्हणजे उतरत्या मुद्दलावर जवळजवळ अठरा टक्के होतात. शेतकऱ्यांचे तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज राज्यात मुदतीत फेडले तर बिनव्याजी पडते, त्यामुळे त्याची घाई नको, पण तारीखही चुकवू नका. एवढे सांगून मी स्वतः मात्र हिशोब मोडला : दाजींचे ८०,००० बिनव्याजी होते, तरी ते मे २०२२ मध्ये सर्वांत आधी परत केले. ज्याचे देणे आहे तो माणूस आपल्या घरी चहाला येत असेल, तर प्रत्येक नवी वस्तू त्याच्या नजरेतून पाहावी लागते, आणि ती नजर मला बँकेच्या व्याजाहून महाग वाटली. तुम्ही कुणा नातेवाइकाचे देणे लिहिलेले नाही. नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

शेवटी एक कामाची गोष्ट. ३६,००० भरायला बँकेत जाल तेव्हा आधी अंशतः परतफेडीवर शुल्क किती ते विचारा. वैयक्तिक कर्जावर अनेकदा ते असते आणि वरच्या हिशोबातून तेवढे वजा करावे लागेल. दुसरे, अर्जात स्पष्ट लिहा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. आमच्या पहिल्या भरण्याच्या वेळी हे लिहायचे राहिले, तर बँकेने मुदत तीच ठेवून हप्ता चारशे रुपयांनी उतरवला, आणि ते चारशे रुपये दर महिन्याला कुठे गेले हे आम्हाला कधीच कळले नाही. बदललेल्या हप्त्यांचे वेळापत्रक त्याच दिवशी छापून मागा. ते आता आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेले आहे, सगळे हप्ते खोडलेले.