यूएसबीच्या ईएसडी डायोडचं ग्राउंड कुठे जोडायचं

अरे, तुझ्या बोर्डवर यूएसबीबरोबर एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारा भाग) पण आहे, म्हणून ईएसडी डायोड, म्हणजे स्थिर विजेच्या झटक्यापासून वाचवणारा डायोड, एजीएनडीला (अ‍ॅनालॉग ग्राउंड) जोडायचा की डीजीएनडीला (डिजिटल ग्राउंड), हा तुझा प्रश्न आधी बाजूला ठेव. डायोडची ग्राउंड पिन थेट खालच्या सलग ग्राउंड प्लेनला (बोर्डातला ग्राउंडचा तांब्याचा थर) जोडायची, पॅडला चिकटूनच व्हाया (थर जोडणारी भोकं) टाकायचे, जागा असेल तर दोन-तीन टाक, थर्मल रिलीफ (प्लेनला फक्त बारीक पट्ट्यांनी जोडणं) नको. कारण बघ, आयईसी ६१०००-४-२ या ईएसडी चाचणीच्या मानकातल्या ८ केव्ही कॉन्टॅक्ट डिस्चार्जला पहिला पीक साधारण ३० अँपिअरचा असतो आणि तो एका नॅनोसेकंदाच्या आत चढतो, म्हणजे वाटेत फक्त १ नॅनोहेन्री इंडक्टन्स असला तरी ३०-४० व्होल्ट जास्तीचे तयार होतात, आणि ते डायोडच्या क्लॅम्पिंग व्होल्टेजवर (ज्या व्होल्टेजला डायोड झटका रोखून धरतो) चढून थेट तुझ्या कंट्रोलरच्या पिनवर जातात. मग महागडा डायोड घेऊन काय उपयोग!

डायोड कनेक्टरला अगदी खेटून बसव, आणि यूएसबी डेटाचे डी प्लस, डी मायनस ट्रॅक पॅडवरूनच पुढे ने, बाजूला फाटा काढून डायोड लटकवू नको.

आता तुझा एडीसी. प्लेन कापून दोन ग्राउंड करायचा मोह होतो, पण मी तरी नाहीच म्हणेन, कापलेल्या फटीवरून यूएसबीची जोडी गेली की रिटर्न करंटला (ग्राउंडमधून परत जाणारा करंट) लांबचा वळसा पडतो आणि नॉइज उलट वाढतो. प्लेन एकच ठेव, कनेक्टर एका कडेला, अ‍ॅनालॉग भाग त्याच्यापासून लांब, म्हणजे झटक्याचा करंट कनेक्टरपाशीच शील्डकडे (कनेक्टरचं धातूचं कवच) परत जाईल, मात्र शील्डसुद्धा तिथेच जवळ प्लेनला जोडलेलं हवं.

हाय-स्पीड ४८० एमबीपीएस असेल तर कपॅसिटन्स १ पिकोफॅरडच्या आसपास किंवा कमी असलेला डायोड बघ, फुल-स्पीडला एवढं ताणायची गरज नाही.