जुनं एक्स-रे मशीन भंगारात देताय? आधी हे वाचा
डॉक्टर, पंचवटीतलं जुनं मशीन अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याला किलोवर द्यायचं म्हणताय ना, ते आधी थांबवा. रेडिएशनची भीती नको, बटण बंद की एक्स-रे बंद, आत किरणोत्सारी काही नसतंच. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये जी किरणोत्सर्गाची दुर्घटना झाली ती कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाची होती, ते प्रकरण वेगळं.

पण एक्स-रे तयार करणाऱ्या ट्यूबच्या बाहेरच्या कवचात (हाउसिंगमध्ये) शिसं असतं, आत इन्सुलेशनचं तेल असतं, आणि खूप जुन्या मशीनच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे रसायन असू शकतं जे फार विषारी, आणि भंगारवाल्याचा पोरगा हातोडीने फोडणार, तेल गटारात, काचेची ट्यूब निर्वात असते ती फुटली की तुकडे डोळ्यात, हे आपल्या जिवाला पटतं का सांगा.

म्हणून आधी एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळ) त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर डीकमिशनिंगचा, म्हणजे मशीन कायमचं वापरातून काढण्याचा अर्ज टाका, कंपनीच्या इंजिनिअरकडून ट्यूब निकामी करून घ्या (वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चार्ज उरतो, स्वतः उघडू नका), लेखी सर्टिफिकेट घ्या, मगच प्रदूषण मंडळाच्या मान्यताप्राप्त ई-वेस्टवाल्याला द्या. पैसे कमी मिळतील, मिळू देत. जुन्या फिल्म्स मात्र वेगळ्या ठेवा, त्यात चांदी असते.