थिंक टँक खरंच काही बदलतात, की नुसते अहवाल छापतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापूरचे, अर्थशास्त्रात एम. ए. केलंय, आणि अर्थव्यवस्था जरा न्यायाची व निसर्गाला झेपेल अशी व्हावी म्हणून काम करणाऱ्या अभ्याससंस्थांत, म्हणजे थिंक टँकमध्ये, जावं का? की तिथं नुसती कागदं काळी होतात?

कागदं ढिगानं काळी होतात. मीही थोडी केलीत. कॉलेजात असताना एका संस्थेच्या पाहणीसाठी सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या घरोघर फॉर्म भरत फिरलो. एक रकाना होता, 'मासिक उत्पन्न'. दारात एक मावशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, सुपात ओली पानं, कात्री चालूच. महिन्याला किती मिळतात म्हणून विचारलं, तर त्या हसल्याच. मजुरी हजार विड्यांवर. दिलेली पानं पुरली नाहीत तर पदरचे पैसे घालून आणायची. माल द्यायला गेल्यावर छाट निघते, म्हणजे वाईट म्हणून विड्या बाजूला काढतात, त्यांचे पैसे नाहीत. हे सगळं त्या तेलुगूत सांगत होत्या आणि शेजारची शाळकरी पोरगी मला मराठीत. मी अंदाजानं एक आकडा टाकला आणि पुढच्या दारात गेलो. पानांना आणि छाटीला फॉर्मवर जागाच नव्हती, म्हणून अहवालातही ती आली नाहीत. त्यामुळे कुठलीही संस्था जोखायची तर मी आधी तिचा फॉर्म मागतो, अहवाल मागाहून.

आता दुसरी बाजू. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. याच संस्थेनं आपल्या सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून १९६५ मध्ये पुस्तक काढलं. सोलापूरवर काही लिहायचं असेल तर तिथून सुरुवात करा. तिथलेच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, याच्या खाली गरीब. नुसतं मोजून ते थांबले नाहीत. हाताला काम द्या, सार्वजनिक कामं काढा, असंही त्यांनी सांगितलं.

पुढच्याच वर्षी ७२ चा दुष्काळ. आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीची चव तिच्या तोंडून आम्ही इतकी ऐकलीय की आता खाल्ल्यासारखीच वाटते. रोजगार हमीचं श्रेय मात्र थिंक टँकला देऊ नका. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, आणि रेटा कामावर आलेल्या लाखो बायाबापड्यांचा. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो मुळात याच योजनेसाठी लावलेला. अभ्यासकांचा उपयोग असा की ज्याला लोक दया म्हणत होते, त्याला हिशोबाचा आधार मिळाला. २००५ चा केंद्राचा कायदा याच वाटेनं आला.

आजच्या संस्थांपैकी 'प्रयास' पाहा, पुण्याचीच, १९९४ ची. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार उकलून ही वीज राज्याला परवडणार नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. २००१ मध्ये वीज मंडळानं ती घेणं थांबवलंच. अजूनही वीज नियामक आयोगापुढं दरवाढीच्या सुनावणीत ते ग्राहकांची बाजू मांडतात. तुमच्या घरात यंत्रमाग असेल तर युनिटमागं रुपया वाढला की काय होतं हे मी सांगायला नको.

पाण्याच्या प्रश्नावर 'सोपेकॉम' ही संस्था आहे, १९९१ ची. समन्यायी पाणीवाटप हा त्यांचा ध्यास. याच्या आधी विलासराव साळुंखे यांनी पुरंदरात पाणी पंचायत केली. तिथं पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटायचं, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस बंद. हे आपल्याकडे बोलून बघा! उजनी धरण उशाला, शिवारात ऊस, आणि शहरात नळ काही दिवसांआड. असा प्रश्न समोर असताना अभ्यासाला लंडन-स्टॉकहोमला कशाला जायचं?

नोकरीचं म्हणाल तर पगार बेताचा, काम मुदतीच्या प्रकल्पावर. पैसा कुठून येतो हे मुलाखतीतच विचारा, लाजू नका. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चसारख्या १९७३ पासूनच्या संस्थेचा परदेशी निधीचा परवाना २०२४ मध्ये रद्द झाला. असं झालं की आधी तरुण संशोधकांच्याच नोकऱ्या जातात. घरचं कर्ज डोक्यावर असेल तर दोन वर्षं थांबा.

आणि तेलुगू येत असेल तर अर्जात इंग्रजीबरोबर तेही ठळक लिहा. मला तेव्हा येत नव्हतं.