वाचकांचे प्रश्न : पक्षात दोन तट पडतात तेव्हा

प्रश्न : जनमत कौलानंतर गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा मुद्दा संपला. तरीही विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षात (मगोत) ‘मूळ भूमिका’ या शब्दावरून वाद होतच राहिले. तत्त्वाला घट्ट धरल्यामुळेच पक्ष फुटतात, असे म्हणायचे का? – एक वाचक, फोंडा

तसे म्हणता येणार नाही. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात ‘दोन पाने’ म्हणजे संघप्रदेश (वेगळा, केंद्रशासित गोवा) या बाजूला १,७२,१९१ मते पडली, तर ‘फूल’ म्हणजे विलीनीकरण या बाजूला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि याच मतदारांनी भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगोला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. म्हणजे लोकांनी मागणी नाकारली, पक्ष नाकारला नाही. कुळे, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे), गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळा हा पक्षाचा खरा पाया होता. तो पाया ‘आता हेच आपले ध्येय’ असे ठराव करून अधिकृतपणे वर आणायला हवा होता. तसे न झाल्याने मूळ भूमिका कोणती याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या सोयीने दिले.

समोरची बाजूही पाहा. कौल जिंकला तो विलीनीकरणाच्या विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाने (युगोने), आणि त्याच निवडणुकीत युगोचे सिक्वेरा गट व फुर्तादो गट असे दोन तुकडे मैदानात होते. फुर्तादो गटाला एकही जागा मिळाली नाही. तेव्हा पराभवामुळेच फूट पडते असेही नाही. तत्त्व कडक असल्याने पक्ष फारसे फुटत नाहीत. त्या तत्त्वाचा अर्थ लावण्याचा अधिकार कुणाचा, हे घटनेत लिहिलेले नसले की फुटतात. हा अधिकार केंद्रीय समितीचा, आमसभेचा की अध्यक्षांचा, हे वाद पेटण्यापूर्वी ठरवावे लागते. वाद पेटल्यावर केलेला नियम दुसरा तट कधीच मानत नाही.

प्रश्न : प्राथमिक शिक्षणाच्या माध्यम प्रश्नावर २०१६ साली जे वेगळे झाले त्यांनी तत्त्व सोडले नाही. पण हाती काहीच लागले नाही. चुकले कुठे? – एक शिक्षिका, म्हापसा

हा प्रश्न मनाला लागणारा आहे, कारण त्या आंदोलनातले बहुसंख्य लोक कळकळीने उतरले होते. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय २०११ चा. विरोधात असताना भाजपने त्याला कडाडून विरोध केला आणि २०१२ मध्ये सत्तेत आल्यावर अनुदान चालूच ठेवले. यातून उठलेला वाद ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सुभाष वेलिंगकर यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गोवा विभागाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यापर्यंत गेला. मग वेलिंगकर समर्थकांचा गोवा सुरक्षा मंच हा नवा पक्ष, मगो आणि शिवसेना यांची युती झाली. मतदान ४ फेब्रुवारी २०१७ ला होते.

पहिली अडचण वेळेची. चार महिन्यांत आंदोलन उभे राहते, मतदान केंद्रनिहाय पक्ष उभा राहत नाही. गोव्यात एका मतदारसंघात साधारण २७-२८ हजार मतदार असतात, त्यामुळे पाचशे-सातशे मतांचा गट एखाद्याला पाडू शकतो. पण निवडून येण्यासाठी प्रत्येक वाड्यावर माणूस लागतो. मंचाला एकही जागा मिळाली नाही.

दुसरी अडचण मला अधिक मोठी वाटते. युतीतल्या मगोचे तीन आमदार निवडून आले आणि मार्च २०१७ मध्ये ते भाजपच्याच सरकारात सामील झाले. तत्त्वासाठी युती करणाऱ्याने निकालानंतरचे कलम आधी लिहून घ्यावे : कोणती मागणी मान्य झाल्याशिवाय सरकारात जायचे नाही, ती मान्य झाली हे कशावरून ठरवायचे (मंत्रिमंडळाचा निर्णय की नुसते आश्वासन), आणि किती दिवसांत. ‘मराठी-कोकणीचे हित जपू’ एवढ्या वाक्यावर कुणालाच अडवता येत नाही.

प्रश्न : आमच्या मतदारसंघ समितीत २१ सदस्य आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला उमेदवारी देण्यास आम्ही ९ जणांनी विरोध केला. ‘पक्षविरोधी कारवाया’ म्हणून अध्यक्षांनी आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश टाकून काढले. हे चालते का? आम्ही काय करावे? – नाव प्रसिद्ध करू नये, डिचोली

आधी तुमच्या पक्षाच्या घटनेची प्रत मिळवा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ खाली नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला घटना निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते, तेव्हा ‘आमच्याकडे प्रत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. त्यात तीन गोष्टी शोधा : मतदारसंघ समितीच्या सदस्याला काढण्याचा अधिकार कोणत्या पातळीवर आहे, नोटिशीची मुदत किती, आणि अपील कुणाकडे. अनेक पक्षांत स्थानिक अध्यक्षाला फक्त शिफारस करता येते, कारवाई शिस्तपालन समिती करते. तुमच्याकडेही तसे असेल तर तो संदेश कारवाई ठरत नाही.

कारवाई टिकायची असेल तर आरोप लेखी हवा. कोणत्या तारखेला, कुठे, काय बोललात वा केलेत, हे त्यात असावे. ‘पक्षविरोधी कारवाया’ एवढेच लिहिलेली नोटीस पोकळ असते. उत्तराला मुदत हवी, बाजू मांडण्याची संधी हवी, आणि ज्याने तक्रार केली त्यानेच निवाडा द्यायचा नाही. बहुतेक कारवाया कोसळतात त्या याच शेवटच्या गोष्टीवर. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे विषयपत्रिकेत काहीही न लिहिता ‘ऐनवेळचे विषय’ या नावाखाली हकालपट्टी उरकणे.

आता तुमचे काम. नऊ वेगळी पत्रे पाठवू नका. एकच पत्र, नऊ सह्या, अध्यक्षांना व राज्य कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह. त्यात विशेष बैठकीची मागणी करा. घटनेत एक तृतीयांश सदस्यांना तसा अधिकार असेल, तर २१ चे सातच होतात, तुम्ही नऊ आहात. बैठक झाली की इतिवृत्ताच्या वहीकडे लक्ष ठेवा : पानांना क्रमांक आहेत का, उपस्थितांच्या सह्या ठरावाच्या आधी घेतल्या की नंतर, सह्यांच्या वर कोरी जागा सोडली आहे का. त्या कोऱ्या जागेत नंतर ठराव घुसडले जातात. तुमचा विरोध मतांच्या आकड्यासह नोंदवून घ्या आणि त्या पानाचा फोटो तिथेच काढा.

वेगळी ‘खरी समिती’ जाहीर करण्याचा आणि पक्षाच्या लेटरहेडवर पत्रक काढण्याचा मोह टाळा. तोपर्यंत तुमच्याविरुद्ध काही नसेल, तर त्या पत्रकाने पुरावा आयता मिळेल.

हे कागद फार वरपर्यंत कामी येतात. पक्ष दुभंगला तर चिन्हविषयक आदेश, १९६८ च्या परिच्छेद १५ खाली आयोग पक्षाची ध्येये, घटना आणि बहुमत या कसोट्या लावतो. १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या सादिक अली खटल्यात यातली बहुमताची कसोटी मान्य केली. शिवसेनेच्या वादात मात्र १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने पक्षाची घटनाच लोकशाहीला धरून नाही म्हणून ती कसोटी बाजूला ठेवली, आणि विधिमंडळातील बहुमतावर नाव व धनुष्यबाण एका गटाला दिले. संघटनेची कागदपत्रे कच्ची असली की निष्ठावंत कार्यकर्त्यांची संख्या मोजलीच जात नाही, मोजले जातात आमदार.

प्रश्न : २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष न सोडण्याच्या, देवळात, चर्चच्या खुरसासमोर, दर्ग्यात शपथा घेतल्या. तरी पुढे आठ आमदार भाजपमध्ये गेले. त्या शपथेला कायद्यात काहीच किंमत नाही का? – एक ज्येष्ठ वाचक, काणकोण

नाही. पक्षांतरबंदीचे नियम असलेली राज्यघटनेची दहावी अनुसूची फक्त डोकी मोजते. अपात्रतेपासून वाचवणारी एक तृतीयांश आमदारांची ‘फूट’ २००३ च्या घटनादुरुस्तीने रद्द झाली, पण दोन तृतीयांशांचे दुसऱ्या पक्षात ‘विलीनीकरण’ राहिले. म्हणून २०१९ मध्ये मगोचे ३ पैकी २, काँग्रेसचे १५ पैकी १०, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ असे बरोबर त्या रेषेवरचे किंवा जेमतेम पलीकडचे आकडे दिसतात. ११ चे दोन तृतीयांश सातहून थोडे अधिक, म्हणून आठवा माणूस मिळेपर्यंत थांबावे लागते. २०१९ च्या दोन्ही विलीनीकरणांना मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी वैध ठरवले.

एकटादुकटा आमदार मात्र सापडू शकतो. रवी नाईक खटल्यात, म्हणजे गोव्याच्याच प्रकरणात, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राजीनामा दिला नाही तरी वागणुकीवरून पक्ष सोडल्याचे ठरवता येते. आणि आमदाराला पक्षातून काढून टाकण्याची घाई करू नये. तेवढ्याने आमदारकी जात नाही. काढलेला आमदार कायद्याच्या नजरेत मूळ पक्षाचाच राहतो.

प्रश्न : पंचायत निवडणुकीत पक्षाच्या पॅनेलविरुद्ध उभे राहिल्यास अपात्रता येते का? – एक पंच, सासष्टी

नाही. गोव्यात पंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, आणि दहावी अनुसूची पंचायतींना लागू नाही. कारवाई झालीच तर ती पक्षाच्या घटनेखाली, म्हणजे वरच्या उत्तरात सांगितलेल्या पद्धतीने.

प्रश्न : दोन तटांचे दोन उमेदवार एकाच पक्षाचा ‘बी’ फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असे पक्षाचे पत्र) घेऊन गेले तर चिन्ह कुणाला? – एक कार्यकर्ता, पेडणे

‘बी’ फॉर्मवर सही कुणी करायची हे पक्ष ‘ए’ फॉर्मने कळवतो; प्रथम तो पाहतात. सहीचा अधिकार ज्या पदाधिकाऱ्याला दिला आहे त्याच्याच शाईच्या सहीचा ‘बी’ फॉर्म ग्राह्य. छायाप्रत किंवा सहीचा शिक्का चालत नाही. दोन्ही फॉर्म उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत पोहोचले पाहिजेत. नंतरच्या ‘बी’ फॉर्मवर ‘आधीचा रद्द’ असे स्पष्ट लिहिले असेल, तर नंतरचा उमेदवार पक्षाचा. तसे लिहिलेले नसेल, तर ज्याचा उमेदवारी अर्ज निर्वाचन अधिकाऱ्याकडे आधी आला त्याला चिन्ह मिळते.